सायत्राबाईचा लाल कोंबडा

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. आई गेली, तिच्यापाशीही नाही. सांगायचं राहून गेलं असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं होईल—राहून गेलं नव्हतं, मी सांगणारच नव्हते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जीभ जरा सैल होतेय. ओळखत असता तर तुम्हालाही मी चहा पाजला असता, माझ्या कोंबड्या दाखवल्या असत्या आणि हसत वाटेला लावलं असतं. हसण्यात मी पटाईत आहे.

आमचं गाव जिवतीच्या डोंगराखाली. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. घरामागं सांदवाडी, म्हणजे परस, आणि सांदवाडीत कोंबड्या. आमच्याकडं शेत पुरुषांचं, बैल पुरुषांचे, कोंबड्या मात्र बायांच्या. कोणती खुडूक अंड्यांवर बसवायची, कोणता कोंबडा कधी कापायचा, बाजारात काय न्यायचं—हे बाई ठरवते. त्यात पुरुष तोंड घालत नाही. घातलंच, तर संध्याकाळी त्याला भाजी खारट मिळते.

आणि मी या सगळ्या कोंबड्यांची डोसवाली. पशुसखी म्हणतात आम्हाला. गावातल्याच एखाद्या बाईला तालुक्याला बोलावून चार गोष्टी शिकवतात. शेळीला जंताचं औषध कसं पाजायचं, कोंबडीच्या डोळ्यात डोस कसा टाकायचा. हिवाळ्यात आमच्याकडं मानमोडी येते. कोंबडीची मान पिळवटल्यासारखी वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात जात तो रोग गल्लीच्या गल्ली साफ करतो. तो यायच्या आधी डोळ्यात एक थेंब पडला तर कोंबडी वाचते. एवढंच माझं काम, एक थेंब. पण त्या थेंबाचा मला कोण गर्व होता! गावात शिरले की बाया म्हणायच्या, सुनंदाचा हात हलका आहे, कोंबडी फडफडत नाही तिच्या हातात. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगायचे.

सायत्राबाईची ओळख आधी करून देते, कारण हे सगळं तिचं आहे. तिची सांदवाडी माझ्या सांदवाडीला लागून, मध्ये तुऱ्हाट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं कुंपण. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कोंबडीतलं काही कळत नव्हतं—माझ्या माहेरी वरोऱ्याला आम्ही अंडी दुकानातून आणायचो. खुडूक कोंबडीखाली अंडी कशी मांडायची, थंडीत खुराड्याला बारदाना कुठून लावायचा आणि कुठून हवेला जागा ठेवायची, पिल्लांना कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, कधी द्यायची, हे मला तिनं शिकवलं. माझी पहिली पिल्लंसुद्धा तिच्याच कोंबडीखाली निघाली. अंडी माझी, खुडूक तिची, पिल्लं अर्धी-अर्धी, अशी आमच्याकडची रीत. वाटणी करताना तिनं चांगली तगडी पिल्लं माझ्या डालीत टाकली आणि बारकी स्वतः ठेवली. मी पाहिलं होतं. तिला वाटलं मी पाहिलं नाही.

आता येते त्या हिवाळ्याकडं. येते म्हणते खरी—

आदल्या हिवाळ्यात मी डोस दिला, तेव्हा नंतर दोन दिवस कोंबड्या शिंकत होत्या, अंग फुगवून कोपऱ्यात बसत होत्या. हे व्हायचंच. तालुक्याच्या सरांनी शिकवताना सांगितलं होतं की डोस लागू पडला की थोडी शिंक येते, घाबरायचं नाही. पण बायांना ते पटलं नाही. त्यांच्या मते ते बर्फामुळं होतं. डोसची बाटली बर्फात ठेवावी लागते, थर्मासमध्ये, आणि तिला ऊब लागली की तिच्यात पाण्याशिवाय काही उरत नाही. हेही सरांनीच सांगितलं होतं. एकदा नाही, हजेरी घेताना, जेवायच्या आधी, जेवल्यावर—इतक्यांदा की आम्ही मागं बसून त्यांची नक्कल करायचो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. नक्कल करता येण्याइतकं माहीत होतं.

त्या वर्षी थंडी सपाटून पडली. सकाळी कापसाच्या बोंडांवर दव गोठल्यासारखं दिसायचं. मी थर्मास घेऊन निघाले, आणि पहिल्याच गल्लीत बाया शेकोटीभोवती बसलेल्या, कुणी उठेचना.

"काऊन व सुनंदा, एवढ्या थंडीत बर्फाचं पाणी टाकतं त्याहिच्या डोळ्यात? आपल्या लेकराच्या डोळ्यात टाकशीन का?"

सगळ्या हसल्या. दुसरीनं सरळच सांगितलं, नाई लागत आम्हाले तुहा डोस. तिसरीनं खुराड्याचं दार उघडून दिलं आणि कोंबड्या गल्लीभर पांगल्या. आता डोस द्यायचा तर एकेक पकडत फिरा. मी चिडले. चिडले आणि घाबरलेही. तालुक्याला जाऊन मी काय सांगणार होते, माझ्या स्वतःच्या गावात माझं कुणी ऐकत नाही म्हणून? तिथं बाकीच्या सख्या माझ्याकडं बघायच्या, सुनंदाताईंचं गाव पुढं आहे म्हणायच्या.

तेव्हा मी शेकोटीपाशी बसले. गरम राखेवर पाण्याची वाटी ठेवली होती कुणीतरी, तोंड धुवायला. मी थर्मास उघडला, आणि डोसची बाटली त्या वाटीत धरली. बाळाला चोळायचं तेल आपण कोमट करतो ना, हातावर थेंब घेऊन बघतो—अगदी तसा मी थेंब मनगटावर घेतला, आणि म्हटलं, घ्या, आता तर झालं? गार नाही लागणार तुमच्या लेकरांना.

कुणी मला कर म्हणालं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण इतकी वर्षं मी मनात त्या बायांनाच पुढं करत आले. त्यांनी करायला लावलं, त्या ऐकत नव्हत्या... त्यांनी फक्त थट्टा केली होती. बाटली माझ्या हातात होती.

मग काय विचारता! बाया उठल्या. कोंबड्या पकडून आणल्या, रांग लागली. त्या गल्लीतून दुसऱ्या गल्लीत आधीच बातमी पोचली की यंदा सुनंदानं डोस शेकून आणला आहे. दर शेकोटीपाशी मी नवी बाटली कोमट केली. सायत्राबाईनं तिच्या सगळ्या कोंबड्या स्वतः धरून दिल्या, तलंगांसकट, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्यांसकट. तिची लेक वंदना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि त्या तलंगा तिच्यासाठी राखलेल्या होत्या—अंडी, आणि मग रस्सा. सायत्राबाई एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "तुहा हात लागला म्हणजे आता काही चिंता नाई."

माझ्या कोंबड्यांचं काय? हे विचारा. कारण कुणीच विचारलं नाही.

माझ्या कोंबड्यांना मी आदल्या दिवशीच डोस दिला होता. तालुक्याहून आले, दिवस मावळता मावळता त्या खुराड्यात शिरल्या, तेव्हाच. बर्फातून काढलेला, गारेगार. आणि मी गावभर कोमट थेंब टाकत फिरत होते त्या सकाळी माझ्या खुराड्यात त्या शिंकत होत्या. घरून निघताना मला ते ऐकू आलं होतं. संध्याकाळी सायत्राबाईच्या सांदवाडीत मी कान देऊन ऐकलं. तिथं एकही शिंकत नव्हती. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बाया खूश होत्या, बघा, काही त्रास नाही यंदा. मी हसले. तुम्हाला सांगितलंच, हसण्यात मी पटाईत आहे.

तेव्हा अजून वेळ होता. तालुक्याला जाऊन नवा डोस आणता आला असता. फक्त म्हणायला हवं होतं की बायांनो, मी चुकले, परत पकडा. एवढंच वाक्य. तुम्ही कधी असं वाक्य तोंडाशी धरून बसला आहात का? रोज सकाळी मी ते घेऊन दारापर्यंत जायचे.

मग सायत्राबाईनं लाल कोंबडा आणला. गडचांदूरच्या बाजारातून, नातवंडाच्या पाचवीला म्हणून. मोठा देखणा, शेपटीत हिरवी झाक, कुंपणावर चढून माझ्या अंगणाकडं तोंड करून आरवायचा. आल्यावर दोन दिवस जरा मलूल होता, मग सावरला. आणि तो सावरला तशा तिच्या तलंगा अंग फुगवून बसायला लागल्या. एकीची मान फिरली. मग शेजारच्या घरी. मग पलीकडच्या गल्लीत. ज्यांनी पाहिलं आहे त्यांनाच कळेल—कोंबडी स्वतःच्या पाठीकडं बघत गोल गोल फिरते, दाणा टिपायला जाते आणि चोच भलतीकडेच पडते. बाया एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं डाली भरून नाल्याकडं नेत होत्या. आठ-दहा दिवसांत गावात सकाळचं आरवणं बंद झालं. आरवत होता तो फक्त सायत्राबाईचा लाल, आणि माझ्याकडचे दोन.

चावडीपुढच्या पारावर बाया जमल्या. रागात होत्या, आणि असायलाच हव्या होत्या. "डोस देला होता ना सुनंदा? मंग कशा मेल्या?"

मी त्या वेळी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "डोसची खात्री मी देते, पण बाहेरून कोंबडा आणल्यावर डोस तरी काय करणार?"

नाव घेतलं नाही मी. घ्यावं लागलंच नाही. सगळ्या बायांच्या माना सायत्राबाईकडं वळल्या. ती कडेला उभी होती, पदर डोक्यावर. कुणीतरी विचारलं, मग तुझ्या कशा वाचल्या? मी म्हटलं, मी कोंडून ठेवल्या होत्या. तेही खोटं. त्या रोज मोकळ्या फिरत होत्या, सायत्राबाईच्या कुंपणातून आतबाहेर करत होत्या, तिला ते माहीत होतं. तिनं फक्त पदर पुढं ओढला. मला वाटतं, तिला ते आठवलंच नसावं. तिला वाटलं असेल, सुनंदा म्हणते म्हणजे कोंडल्या असतील.

आता तुम्ही म्हणाल, कोंबड्यानं रोग आणला असेलही. असेल. मी तेच स्वतःला म्हणत आले. खोटं बोलायचं तर त्यात थोडं खरं मिसळलेलं असलं की फार सोपं जातं, नाही का? पण बायांच्या कोंबड्यांच्या अंगात डोस असता तर तो लाल कोंबडा नुसता आरवत राहिला असता, आणि वंदनाच्या बाळाच्या पाचवीला त्याचा रस्सा झाला असता, आणि ही गोष्टच झाली नसती.

त्यानंतर गावात सायत्राबाईला कुणी शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. आमच्याकडं तसं करत नाहीत. तिला खुडूक द्यायचं बंद केलं. तिच्याकडं अंडी मांडायला द्यायचं बंद केलं. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं, पण ती आली की कुणी आपली डालं उचलून आत नेई. आणि गावातली नवी पिल्लं कुठून आली? माझ्याकडून. उरल्याच होत्या फक्त माझ्या कोंबड्या. घरोघर माझी अंडी गेली, माझी पिल्लं गेली. बाया म्हणायच्या, सुनंदा होती म्हणून गावात परत कोंबडी दिसली.

अजून मुख्य सांगितलेलं नाही. टाळतेय, कळतंय मला.

त्या बैठकीनंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, सायत्राबाई माझ्या दारात आली. काखेत लाल कोंबडा, पाय सुतळीनं बांधलेले. मला वाटलं भांडायला आली. मी तयारीत होते, काय काय बोलायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"माह्यापायी तुह्या डोसचं नाव खराब झालं व बाई," ती म्हणाली. "एवढी मेहनत करतं तू थंडीवाऱ्याची. अन् म्या बाजारातून रोग आणला. घे, हा तूच काप. माह्या घरी नाई ठेवत मी याले."

मी म्हणू शकले असते, राहू द्या, वंदनासाठी ठेवा. निदान एवढं तरी. वंदनाचे दिवस भरत आले होते, घरात एक अंडं नव्हतं, तलंगा सगळ्या नाल्यात गेल्या होत्या. तो कोंबडा म्हणजे तिच्या घरात उरलेली शेवटची कोंबडीजात होती. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं, ऐका. हा कोंबडा जिवंत राहिला, आणि पुढं गावात माझी डोस दिलेली पिल्लं त्याच्याबरोबर फिरली आणि मेली नाहीत, तर एखादी शहाणी विचारेल—मग तेव्हाच का मेल्या? इतका पुढचा विचार मी केला, उंबऱ्यात उभ्या उभ्या. डोस कोमट करताना मात्र मला दोन दिवसांपुढचं दिसलं नव्हतं.

मी कोंबडा घेतला. घेताना तिच्या हाताला माझा हात लागला, तिचे हात गार होते. मी तिला "बसा" म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडं तो शिजला. नवऱ्यानं विचारलं, कुठला, तर म्हटलं, सायत्राबाईनं दिला. त्याला वाटलं शेजारधर्म. मुलांनी मांड्या घेतल्या. मीही जेवले. तोंडात घास फिरला, गळ्याखाली उतरेना—असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. चविष्ट होता. मी दुसऱ्यांदा रस्सा घेतला.

वंदना बाळंत झाली, मुलगी झाली. पाचवीला त्यांच्याकडं वरण होतं. वंदनाला दूध कमी येतंय असं कुंपणापलीकडून ऐकू यायचं, आणि बाळाचं रडणंही. मी एकदा पदराखाली अंडी घेऊन गेले. सायत्राबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, तुहे उपकार कसे फेडू. मी म्हटलं, असं काय म्हणता. घरी आले आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, जसं काही मी आता फिट्टंफाट केली. किती स्वस्तात, बघा.

वंदनाची मुलगी आता शाळेत जाते. सायत्राबाईनं दोन-तीन वर्षं कोंबड्या ठेवल्याच नाहीत. तिच्या सांदवाडीत वांगी लावली. मग हळूहळू लोक विसरले, किंवा विसरल्यासारखं करायला लागले, आणि तिनं माझ्याकडूनच पिल्लं नेली. मी आता डोस बर्फातून काढते तो थेट डोळ्यात. शेकोटी दिसली की थर्मास दुसऱ्या बाजूला घेते. बाया कुरकुरल्या तरी ऐकत नाही. कोंबड्या शिंकतात, आणि गावात मानमोडी परत तशी आली नाही. माझं नाव पुन्हा मोठं झालं आहे.

आणि सायत्राबाई माझ्याबरोबर फिरते. हे तुम्हाला सांगायचंच होतं. मी बोलावलं नव्हतं. ज्या वर्षी तिनं पुन्हा कोंबड्या धरल्या त्या वर्षापासून ती आपणहून येते, हिवाळ्यात, डोसच्या दिवशी. शाल गुंडाळून माझ्या पुढं चालते. बाया का-कू करायला लागल्या की ती मला बोलूच देत नाही. शेकोटीपाशी उभी राहते आणि सगळ्यांदेखत सांगते.

"घेऊन घ्या व बायांनो. माह्यासारखं नका करू. म्या बाजारातून कोंबडा आणला, अन् पुऱ्या गावाच्या कोंबड्या मारल्या. सुनंदाचा डोस चांगला होता. खोट माह्यात होती."

दर घरी सांगते. लाज न बाळगता, न अडखळता. नव्या सुनांना तर पहिल्यापासून सांगते, कोंबडा कसा होता, कुठून आणला, तलंगा कशा फिरल्या. त्या ऐकतात आणि उठून कोंबड्या धरून आणतात.

या हिवाळ्यातही आली होती. बर्फात हात घालून माझी बोटं बधिर झाली होती, तर तिनं माझे हात आपल्या शालीत ओढून घेतले आणि चोळले. मग एक कोंबडी उचलली, पंख दाबून माझ्यासमोर धरली आणि तिची मान अलगद वळवून डोळा माझ्याकडं केला. शेकोटीपाशी एक नवी सून बसली होती. तिच्याकडं बघत सायत्राबाईनं सुरुवात केली—म्या बाजारातून कोंबडा आणला होता.

मी थेंब टाकला आणि म्हटलं, दुसरी आणा.